‘नाहीतर आयटीआय’

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. २६ वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, त्यामुळे नात्यातले, गावातले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पालक विचारतात. वाक्य जवळपास ठरलेलं: “सर, बावन्न टक्केच पडलेत. सायन्सला नंबर लागतोय का बघतो, नाहीतर आयटीआय.” मला या ‘नाहीतर’बद्दल लिहायचंय. कारण तो शब्द पोरानेही ऐकलेला असतो, आणि वर्ग सुरू झाल्यावर ते पोर माझ्यासमोर मान खाली घालून उभं राहायचं.

पहिले काही आठवडे आमच्याकडे नुसती कानस चालते. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाईसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पकडीत आवळायचा, कानस मारायची, काटकोन तपासायचा ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसली की पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात. पण दाब कुठे जास्त पडतोय, कड का उतरतेय, उभं राहण्यात काय चुकतंय, हे प्रत्येकाला स्वतःच शोधून काढावं लागतं. हाताने काम करणाऱ्याला डोकं कमी लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हर्निअरवर ०.०२ मिलिमीटर वाचून दाखवावं आणि मग त्या मापात जॉब, म्हणजे हातातला तुकडा, बसवून दाखवावा.

एक मुलगा मी कधीच विसरणार नाही. दहावीला गणितात काठावर पास झालेला. आम्ही साइन बार शिकवायला घेतला. दोन्ही टोकांना रोलर असलेली ही पट्टी एका बाजूने उचलून नेमका कोन साधायचा. १०० मिलिमीटरचा बार, ३० अंशांचा कोन हवा, तर एका रोलरखाली किती उंचीचे स्लिप गेज, म्हणजे अचूक मापाचे ठोकळे, लावायचे? साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून ५० मिलिमीटर. त्याने गेज रचले, जॉब ठेवला, उंचीतला बारीक फरक दाखवणारा डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. काटा हलला नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, साइन म्हणजे ही उंची होय?” दहावीचं अख्खं वर्ष त्याने ते फळ्यावरून उतरवून घेतलं होतं.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो, हाताने काम करता करता डोक्यात शिरतं, याच विश्वासावर. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला माणूस खेड्यात येऊन राहिला आणि शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता विज्ञान शिकवू लागला. आपण त्यांचं कौतुक करतो आणि आपल्या पोराला मात्र अकरावीच्या रांगेत उभं करतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडा दिलाय. १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामगारांपैकी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतलेले ५ टक्क्यांहूनही कमी. जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६.

यात सगळा दोष पालकांचा नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. ते डोळ्यांनी बघतात. माझ्या बॅचची सहा मुलं एका कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस म्हणून गेली आणि वर्षभर पॅकिंगला उभी राहिली. वर्ष संपलं, गेट दाखवलं, नवी बॅच आत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, पण आत कोण काय शिकवतंय हे बघायला त्या वर्षात कोणी फिरकलं नाही. आमच्या वर्कशॉपमध्येही दोन लेथ कित्येक महिने सुट्या भागांवाचून बंद होते. ज्यांना आयटीआयला येणारी मुलं वाढवायची आहेत त्यांनी आधी त्या मशीन चालू करून द्याव्यात.

पण आयटीआयला गेलं की “पुढचे रस्ते बंद होतात” असं पालक म्हणतात, ते खरं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझे काही विद्यार्थी त्या वाटेने गेलेत. आणि ज्याला पुस्तकांतच गोडी आहे त्याला घरच्या अडचणीपायी आयटीआयला ढकलणं हाही तितकाच अन्याय आहे. २६ वर्षांत माझ्या वर्गात डॉक्टरचा मुलगा एकही आला नाही. हे मला सलतं.

परवा एक कुटुंब घरी आलं. मुलीला ६१ टक्के. आयटीआयच्या ऑप्शन फॉर्मवर पहिला पर्याय कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर. “मुलीच्या जातीला बसून काम बरं,” वडील म्हणाले. आई हळूच बोलली, “घरातला मिक्सर हीच उघडते. मागच्या महिन्यात शेजारच्यांची मोटर हिनेच चालू केली.” मी फॉर्म मुलीपुढे सरकवला आणि विचारलं, तुला काय हवंय? तिने वडिलांकडे पाहिलं, मग सातव्या ओळीवर बोट ठेवलं. इलेक्ट्रिशियन.

वडील म्हणाले, “विचार करून सांगतो, सर.” फॉर्म कन्फर्म करायला अजून दोन दिवस आहेत.