दोघांचं आहे, तर दोघांना माहीत असू दे

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं आत्मचरित्र 'निवेदन' या पावसाळ्यात पुन्हा वाचून काढलं. १८७६ साली आपल्या गोव्यातल्या साखवाळला जन्मलेला हा मुलगा माडांची बागायत सांभाळता सांभाळता एका मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो आणि १८९९ च्या अखेरीस बुद्धाच्या शोधात घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन. त्या माणसाच्या ज्ञानाच्या भुकेपुढे मी नेहमीच नतमस्तक होते. पण या वेळी माझं मन अडकलं ते घरी राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाईंपाशी. पदरात तान्ही मुलगी. बागायतीचं उत्पन्न किती, देणं कुणाचं, कागद कुठल्या पेटीत, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

हा प्रश्न मला आजच्या घरांकडे घेऊन आला. नवरा गेल्यावर पासबुकं शोधत बसलेल्या बायका मी डिचोलीत, साखळीत, फोंड्यात पाहिल्या आहेत. शिकलेल्या, नोकरी केलेल्या बायका. आणि हे कुठे, तर गोव्यात! १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी. जमीन विकायची तर दोघांची संमती लागते. मुलांसाठी निम्मा वाटा राखीव, मृत्युपत्र करूनही तो डावलता येत नाही. देशात इतरत्र बायका ज्या हक्कासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात तो आपल्याला लग्नाच्या सहीबरोबर मिळतो, आणि आपण 'त्यातलं मला काही कळत नाही' म्हणून मोकळ्या होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

करातही तेच तत्त्व आहे. आयकर कायद्याप्रमाणे (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५ए) पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे मुदत ठेवीचं व्याज, घरभाडं, धंद्याचा नफा, अशा सामाईक मालमत्तेच्या जोडप्यात निम्मं निम्मं मोजलं जातं. ठेव एकट्या नवऱ्याच्या नावावर असली तरीही. मुंबई-पुण्याच्या सल्लागारांचे व्हिडिओ पाहून 'बायकोच्या नावावर टाकू, कर वाचेल' असे बेत आखणाऱ्यांनी आधी आपल्या गोव्याच्या सीएला विचारावं.

नॉमिनीबद्दल, म्हणजे आपल्या पश्चात पैसे घ्यायला खात्यावर नाव दिलेल्या माणसाबद्दलही, गैरसमज फार. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच राहतात. २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हे पुन्हा स्पष्ट केलं.

गुंतवणुकीचं माझं मत साधं आहे. अडीअडचणीचा पैसा मुदत ठेवीत, पण एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आतच, कारण ठेवविमा तेवढाच. लांबचा पैसा पीपीएफ (सरकारी भविष्य निधी) आणि निफ्टी इंडेक्स फंडाच्या, म्हणजे निफ्टीतल्याच मोठ्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या, डायरेक्ट (मध्यस्थाच्या कमिशनविना) प्लॅनमध्ये. दुसऱ्या प्लॉटचा मोह मला नाही. आपल्याकडे जमिनीची वाटणी आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याचं कोर्टातलं काम) किती वर्षं रेंगाळते ते घरोघरी ठाऊक आहे. आणि हो, वाचवलेला पैसाही कमाईच, म्हणून पंखे! जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण ३०. रोज १२ तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. आपल्या दमट हवेत पंखा बंद तरी कधी असतो?

दमट हवेवरून आठवलं, कागद जपायचे तर सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, आणा. नारिंगी घ्या, निळं नको. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात चांगलं नाही. ओल शोषली की नारिंगी दाणे हिरवट होतात, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवले की पुन्हा कामाला तयार. मात्र घट्ट झाकणाच्या डब्यातच त्यांचा उपयोग, उघड्या कपाटात दोन दिवसांत संपतात. आमची विक्रीखतं, पॉलिसी आणि आजेसासऱ्यांच्या पोथ्या आता अशाच डब्यांत आहेत, आणि कुठल्या डब्यात काय ते एका वहीत लिहिलंय. वही दोघांच्या अक्षरात आहे.

जुन्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, २०२३ पासून. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे नावाने शोधता येतात, पैसे मात्र त्या त्या बँकेकडेच मागावे लागतात.

चवथीला आमच्या मूळ घरी सगळे जमतात. दुपारची जेवणं आटोपली की आपापल्या घरची वही काढायची, असं मी जावांना सांगून ठेवलंय. वन्संनी सासूबाईंच्या जुन्या पासबुकांची पिशवी आणायचं कबूल केलंय.