मग बॉम्ब काय आपोआप फुटले?

काकांचा फोन रविवारी येतो. एरंडवण्यात रात्रीचे नऊ, इथे मँचेस्टरला दुपारचे साडेचार. जुलै 2025 मधल्या त्या शेवटच्या रविवारी ते 'कसा आहेस' हेही न विचारता सुरू झाले, "बाराच्या बारा सुटले! मग बॉम्ब काय आपोआप फुटले?"

मुंबईच्या लोकलमधल्या 2006 च्या साखळी स्फोटांचा निकाल नुकताच लागला होता. सात स्फोट, 189 बळी. विशेष न्यायालयाने 2015 मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. 21 जुलैला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा निकाल दाखला म्हणून वापरू नका. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात काही धाडलं नाही.

पुढच्या रविवारी काका खुशीत. मालेगावच्या 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी 31 जुलैला सुटले होते. "शेवटी सत्य बाहेर आलंच." मी म्हटलं, "काका, सहा माणसं तिथेही गेली. तो बॉम्ब कुणी ठेवला?" पलीकडे टीव्हीचा आवाज तेवढा येत राहिला. माझा एक कॉलेजातला मित्र बरोब्बर उलटा. पहिल्या निकालाला पेढे, दुसऱ्याला शिव्या.

काकांचा प्रश्न चोख आहे, पत्ता चुकलाय. ते न्यायाधीशांना विचारतात. विचारायला हवा तपास करणाऱ्यांना. लोकल स्फोटांचं निकालपत्र 671 पानांचं आहे. कबुलीजबाबांतले उतारे संशय यावा इतके एकमेकांशी जुळणारे, साक्षीदारांनी काही महिन्यांनी पटवलेली ओळख, बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेच सिद्ध नाही. असल्या पुराव्यावर फाशी कायम करायची?

आपल्या पुण्याचंच घ्या. 13 फेब्रुवारी 2010, शनिवारची संध्याकाळ, कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी. 17 जण गेले. 2013 मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने एकाला फाशी दिली, ती पुण्याला नीट आठवते. 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून कटाच्या आरोपातून त्याला सोडलं. जन्मठेप राहिली ती स्फोटकं बाळगल्याबद्दल. हे मात्र मी विचारलेल्या दहांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

मी राहतो त्या शहरात 22 मे 2017 ला गाण्याच्या कार्यक्रमानंतर स्फोट झाला, 22 जण गेले. हल्लेखोर जागीच मेला. त्याच्या भावाला लिबियातून आणून खटला चालवला, 2020 मध्ये शिक्षा झाली. आपल्याकडे एवढ्यावर पडदा पडला असता. इथे चौकशी सुरूच राहिली, बरीचशी उघड्यावर. अग्निशमन दल पोचायला दोन तासांहून जास्त का लागले? जखमींना जाहिरातीच्या फलकांवर आणि लोखंडी कठड्यांवर घालून का न्यावं लागलं? गुप्तचर खात्याने कोणती संधी घालवली? उत्तरं अहवालात छापली गेली. 2023 मध्ये त्या खात्याच्या प्रमुखाने जाहीर माफी मागितली. ऑफिसातल्या बाईंना याचं काही विशेष वाटलं नाही. मला वाटलं.

म्हणून इथले लोक देव नव्हेत. 1974 च्या बर्मिंगहॅम स्फोटांसाठी सहा निरपराध माणसं सोळा वर्षं तुरुंगात सडली, आणि खऱ्या दोषींना आजवर शिक्षा झालेली नाही. पण 2005 मध्ये सरकारने आरोपाविना 90 दिवस कोठडी मागितली तेव्हा संसदेने नाही म्हटलं. आज मर्यादा 14 दिवसांची आहे. आपल्या यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्यात आरोपपत्राला 180 दिवस मिळू शकतात. तेव्हा तपासाला वेळ कमी पडतो, ही सबब तरी कुणी सांगू नये.

काकांना हे सगळं सांगितलं. पटलं असं नाही. "तिकडे बसून बोलायला सोपं आहे," म्हणाले, आणि तेही खोटं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "ती 671 पानं पाठव. मालेगावचीही पाठव. आणि अक्षर मोठं करून पाठव, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय अजून."