सहज आले होते

आमच्या कपाटात ‘द्यायच्या-घ्यायच्याचा’ एक खण आहे. बहुतेक घरांत असतोच. आमच्या खणात सध्या नऊ साड्या, ब्लाउजपीसांचा एक गठ्ठा, तीन शर्टपीस आणि झाकणाचे स्टीलचे डबे आहेत. प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावलेली, कुणाकडून आली आणि कधी. ही चिठ्ठी आठवण राहावी म्हणून लावलेली नाही. चुकून ज्यांची त्यांनाच परत जाऊ नये म्हणून लावली आहे! परवा ते सगळं उन्हाला घातलं, तेव्हा मनात आलं की या नऊ साड्यांपैकी एकही कुणी कुणाच्या आवडीचा विचार करून घेतलेली नाही. आणि शर्टपीस? आता शर्ट शिवून कोण घालतं? तरी दर लग्नात ते येतात आणि दर लग्नात जातात.

माझ्या आईकडे आहेराची वही आहे. माझं लग्न 2003 सालचं, कऱ्हाडला झालेलं. वहीत 51, 101, कुठे 151, मध्येच ‘कुकर 3 लिटर’, ‘भिंतीवरचं घड्याळ’, पुन्हा ‘भिंतीवरचं घड्याळ’. अजूनही कुणाची पत्रिका आली की आई चष्मा लावून वही उघडते. "त्यांनी तेव्हा 101 घातले होते, आता 501 तरी घालायला हवेत." वरचा एक रुपया तर हवाच. सरकारने 1994 मध्ये एक रुपयाची नोट छापणं थांबवलं, 2015 मध्ये परत सुरू केलं. पण आहेरावरचा रुपया मधे एक दिवसही थांबला नाही. नोट नाही तर नाणं, पाकिटालाच चिकटवलेलं.

आईला मी नावं ठेवत नाही. लग्नघरावर खर्चाचा डोंगर असायचा, त्याला चार जणांचा हात लागायचा. पातेली-तांब्यांवर नवा संसार उभा राहायचा. त्या वहीला अर्थ होता. आता मांडवातल्या कुणालाच कुकर नको असतो, तरी हिशेब मात्र शिल्लक आहे.

आणि हा हिशेब आता लग्नापुरता राहिलेला नाही, म्हणून हे लिहितेय. साध्या जाण्यायेण्यातही तो शिरलाय. मागच्या महिन्यात शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे गेलो. आधी आठ दिवस फोनाफोनी. जाताना मिठाईचा बॉक्स, मुलांना चॉकलेटं, तिला साडी. ती सकाळपासून ओट्याशी. आम्ही पोचलो तेव्हा पुरणपोळी, दोन भाज्या, मसालेभात, सगळं तयार आणि ती घामाघूम. जेवताना ती वाढत होती, जेवल्यावर आवरत होती. निघायच्या वेळी तिने माझी ओटी भरली, वर साडी ठेवली, मी "अगं कशाला" म्हटलं, तिने "असू दे गं" म्हटलं. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं, वर्षभरापूर्वी तिचे वडील गेले आणि मी त्यांच्याबद्दल तिच्याशी एक वाक्य बोलले नाही. वेळच झाला नाही. चार तास होतो आम्ही तिथे! त्या रात्री मला झोप लागली नाही.

लहानपणी आमच्याकडे दुपारी चारला कडी वाजायची. दारात शेजारच्या काकू, हातात रिकामी वाटी, विरजणासाठी. "काय गं, काही काम होतं का?" "नाही, सहज आले होते." विरजण हे निमित्त असायचं, हे आईलाही माहीत आणि त्यांनाही. मग उंबऱ्याशीच अर्धा तास. आई शेंगा फोडतेय, काकूही न सांगता चार शेंगा फोडतायत. वाटी रिकामी परत द्यायची नाही, ही रीत तेव्हाही होती, पण वाटीतून येणार काय? दोन लाडू, नाहीतर लोणच्याची फोड. त्याची कुणी वहीत नोंद केली नाही.

‘सहज’ हा शब्द आता येण्याजाण्यातून गेलाच. न सांगता बेल वाजली की आधी पोटात गोळा येतो, कोण गेलं की काय!

या संक्रांतीला मी वाण ठेवलं नाही. संक्रांत ते रथसप्तमी, आमच्या बिल्डिंगमध्ये रोज कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू. प्लॅस्टिकच्या चाळण्या, छोटे डबे, साबणाच्या पेट्या. घरोघरी त्याच वस्तू फिरतात. मी फक्त तिळगूळ आणि चहा ठेवला. वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या, हळदीकुंकू झालं, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. हात थोडा पुढे आलेला. मी म्हटलं, "काकू, या वर्षी वाण नाही ठेवलं." क्षणभर दोघींनाही अवघडल्यासारखं झालं. मग त्या परत येऊन खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई. माझं कपाट उघडत नाही आता. चहा टाक अजून एक." तासभर बसल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करायला त्या घाबरतायत, मुलाला सांगितलेलं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं एका जिन्याने चढतोय आम्ही.

कुणी म्हणेल, रीत मोडायला मोठी माणसं लागतात. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात पुरोहिताशिवाय, साधेपणाने सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लावून दाखवलं. केवढा विरोध सोसला त्यांनी. आपल्याला तर फक्त साडी द्यायची-घ्यायची नाही एवढंच म्हणायचंय, तेही आपल्याच माणसांना, ज्यांची कपाटंही भरलेली आहेत. तरी जीभ रेटत नाही, कारण समोरच्याला वाटेल मान ठेवला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की माझा मान ठेवायचा असेल तर माझ्याजवळ बसा.

काल रात्री मैत्रिणीला मेसेज केला. "रविवारी येतेय. एकटीच. हातात काही आणणार नाही, तूही काही द्यायचं नाहीस. काकांबद्दल बोलायचंय."

बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. मग उत्तर आलं, "ये. पण स्वयंपाक करणार नाही. आदल्या दिवशीचा भात असेल."

"फोडणी मी देते," म्हटलं.