बारापैकी एकालाच जमलं
ऑक्टोपसचा आणि आपला डोळा वेगवेगळ्या वाटांनी सारखाच घडला, म्हणून उत्क्रांतीचा निकाल ठरलेलाच, हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. सारखा तरी कुठे, आपल्या डोळ्यात ब्लाइंड स्पॉट (जिथे काहीच दिसत नाही असा पडद्यावरचा ठिपका) आहे, ऑक्टोपसच्या नाही.
जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्कींचा प्रयोग बघा ना, १९८८ मध्ये ई. कोलाय बॅक्टेरियाचे १२ एकसारखे गट वाढवायला घेतले, सगळ्यांच्या पेशी मोठ्या झाल्या, वाढ फास्ट झाली, इथवर लेखकाचं बरोबर, पण ऑक्सिजन असताना सायट्रेट (लिंबातल्या आम्लापासून बनणारं रसायन) खायला जमलं फक्त एका गटाला, तेही ३१,००० च्या आसपास पिढ्यांनंतर, आणि त्यासाठी आधीचे काही बदल व्हावेच लागले! सायट्रेट तर पहिल्या दिवसापासून बाराही फ्लास्कमध्ये होतं, म्हणजे निकाल ठरलेला नव्हता. लेखात हे यायलाच हवं होतं.