इंजेक्टर बसवला म्हणजे गाडी एफआय होत नाही

मोबाइलवरून सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: ‘कार्ब्युरेटरची कुठलीही जुनी बाइक घरच्या घरी एका रविवारी एफआय होते. भंगारातली थ्रॉटल बॉडी, कारचा इंजेक्टर, पेट्रोल पंप आणि बीएस6 स्कूटरचा ईसीयू एवढंच लागतं. खर्च पाच हजार. मायलेज 30 टक्के वाढतं, इथेनॉलचा त्रास संपतो आणि गाडी बीएस6 होते. नाहीच जमलं तर कार्ब्युरेटर परत लावा.’

एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन: कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर पेट्रोल फवारतो आणि किती, कधी हे ईसीयू हा छोटा संगणक ठरवतो. बीएस6 हे प्रदूषणाचं मानक. हे काम घरी होऊच शकत नाही, असं नाही. स्पीडुइनो किंवा मायक्रोस्क्वर्टसारखे ईसीयू लॅपटॉपवरून ट्यून करता येतात आणि हौशी लोक त्यांवर नीट चालणाऱ्या गाड्या उभ्या करतात. पण या मजकुरात जे गाळलं आहे, त्यानेच पिस्टनला भोक पडतं आणि कधीकधी गाडी पेटते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘कारचा इंजेक्टर चालतो’

रॉयल एनफील्डच्या कार्ब्युरेटरवाल्या क्लासिक 350 चं उदाहरण घ्या. इंजिन 346 सीसी, ताकद 19.8 बीएचपी, तीही 5250 आरपीएमला. पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल लागतं. म्हणजे या इंजिनाला मिनिटाला सुमारे 100 सीसी. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा नियम धरला, तर 3 बार दाबाला मिनिटाला 125 ते 150 सीसी देणारा इंजेक्टर हवा. 5250 आरपीएमला दोन फेऱ्यांचं एक चक्र 22.9 मिलिसेकंदांत संपतं. सगळं पेट्रोल तेवढ्यात आत गेलं पाहिजे.

आता 300 सीसीचा कारचा इंजेक्टर लावून पाहा. आयडलला, म्हणजे रेस न देता जागीच चालू असताना, या इंजिनाला एका चक्रात साधारण 6 मिलिग्रॅम पेट्रोल पुरतं. तेवढ्यासाठी तो इंजेक्टर जेमतेम 1.6 मिलिसेकंद उघडावा लागतो. इतक्या कमी वेळात इंजेक्टर हिशोबाप्रमाणे वागत नाही. एकदा थोडं जास्त सोडतो, पुढच्या वेळी कमी. शिवाय वीज मिळाल्यापासून सुई उचलली जाईपर्यंत सुमारे 1 मिलिसेकंद वाया जातो. बॅटरी 13.5 व्होल्टवरून 10 वर आली की हा वेळ आणखी वाढतो. परिणाम असा की हेडलाइट लावला की आयडल बदलतं, सिग्नलला गाडी बंद पडते आणि लोक आयडल स्क्रू फिरवत बसतात. दोष स्क्रूचा नसतो, इंजेक्टरच्या मापाचा असतो.

‘बीएस6 स्कूटरचा ईसीयू लावला की झालं’

हा दावा सगळ्यात जास्त गाड्या बिघडवतो. कंपनीच्या ईसीयूमधला नकाशा, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता, एकाच इंजिनासाठी बनवलेला आणि कुलूपबंद असतो. 110 सीसीचा नकाशा 150 वा 350 सीसीच्या इंजिनाला लावला, तर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर थोडीफार दुरुस्ती करतो, पण तीही फक्त सावकाश, एकसारख्या वेगात. पूर्ण रेस दिली की बहुतेक ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं थांबवतात आणि नुसत्या नकाशावर चालतात. नेमकं तेव्हाच मिश्रण लीन पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लगचं टोक पांढरं पडणं ही पहिली खूण. तिकडे दुर्लक्ष केलं की पिस्टन.

दुसरी अडचण क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, सिग्नलची आहे आणि तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) रोटरवर बहुधा एकच उंचवटा असतो. त्याजवळच्या पल्सर कॉइल या सेन्सरला एका फेरीत एकदाच खूण मिळते. स्पार्क पाडणाऱ्या सीडीआय बॉक्सला तेवढं पुरतं. स्पार्कही सोडणाऱ्या एफआयच्या ईसीयूला क्रँक या क्षणी कुठे आहे हे सतत कळावं लागतं, म्हणून तिथे 12 उणे 1, 24 उणे 2 अशी, एखाददुसरा दात मुद्दाम गाळलेली चाकी असते. एका सिलिंडरच्या इंजिनाची गती एकाच फेरीतही सारखी नसते. कॉम्प्रेशनला क्रँक मंदावतो, स्फोटानंतर उसळतो. किक मारताना हा फरक सर्वांत मोठा. एका खुणेवरून बांधलेला अंदाज तिथे चुकतो, स्पार्क लवकर पडतो आणि किक उलटी येऊन घोट्यावर बसते.

म्हणून पहिल्या टप्प्यात मूळ सीडीआय किंवा टीसीआय (तोही स्पार्कचाच बॉक्स) तसंच ठेवावं आणि ईसीयूकडे फक्त पेट्रोल द्यावं. पेट्रोलपुरती एका फेरीत एक खूण चालते. इग्निशन ईसीयूकडे न्यायचंच असेल, तर दात असलेली चाकी आणि वेगळा सेन्सर लागतो. त्यासाठी मूळ रोटरला वेल्डिंग करू नका: समतोल बिघडतो आणि उष्णतेने चुंबक कमजोर होतात. साध्या पल्सर कॉइलचा सिग्नल स्पीडुइनोला थेट देता येत नाही, मध्ये तो ईसीयूला वाचता येईल असा करणारा सिग्नल कंडिशनर लागतो. वायर शील्ड असलेली घ्या, प्लग ‘आर’ अक्षराचा, म्हणजे रेझिस्टरवाला. ईसीयू आणि सेन्सरची अर्थ एकाच ठिकाणाहून घ्या. एवढं केलं नाही तर चालू गाडीत ईसीयू रीसेट होतो आणि इंजिन घाटात मध्येच मिस होतं.

इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचंही तसंच. चार सिलिंडरच्या कारमध्ये मॅनिफोल्डचा दाब जवळपास स्थिर असतो. इथे इनटेक स्ट्रोकपुरती ओढ येते आणि लगेच दाब परत बाहेरच्या हवेइतका होतो. सरासरी घेतली तर आकडा फसवा येतो. चक्रातला किमान दाब मोजायची सेटिंग निवडावी, थ्रॉटल बॉडीपासून सेन्सरपर्यंतची नळी शक्य तितकी आखूड ठेवावी आणि जास्त रेसला टीपीएसवर (थ्रॉटल किती उघडला ते सांगणाऱ्या सेन्सरवर) आधारलेला तक्ता वापरावा.

ईसीयू दुसऱ्या गाडीतूनच घ्यायचा असेल, तर त्यातल्या त्यात बरा रस्ता एकच: आपल्याच इंजिनाची नंतर आलेली एफआय आवृत्ती. तिचा रोटर, पल्सर कॉइल, वायरिंग, पंपासकट टाकी, ऑक्सिजन सेन्सरचा बेंड पाइप (इंजिनातून निघणारी एक्झॉस्टची नळी), गाडी पडली की इंजिन बंद करणारा फॉल सेन्सर आणि ईसीयू हा सगळा संच एकत्र घ्यावा. क्रँकचा टेपर आणि चावीची खाच जुळते का, ते आधी मोजून पाहावं.

‘पेट्रोल पंप कुठलाही चालतो’

इथे चूक झाली तर माणूस भाजतो, म्हणून थोडं थांबू.

कार्ब्युरेटरला पेट्रोल टाकीतून आपोआप उतरतं, दाब नगण्य. एफआयच्या नळीत साधारण 3 बार. साधी पारदर्शक पेट्रोल नळी आणि तारेची क्लिप या दाबाला टिकत नाही. एसएई 30आर9 असा शिक्का असलेली इंजेक्शनची नळी आणि गोल पट्टीच्या, नळी न कापणाऱ्या इंजेक्शन क्लॅम्प वापरा. पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, साधारण 70 ते 100 मायक्रॉनचा. पंपाच्या नंतर 10 मायक्रॉनचा. उलट लावलात तर बारीक फिल्टर पंपाची ओढ अडवतो, पंप गरम होतो आणि पेट्रोलची वाफ होते. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेत टांगलेला बाहेरचा पंप असाच वाफेने अडतो. पंप टाकीच्या तळाखाली आणि सिलिंडरपासून दूर हवा.

क्लासिक 350 ला पूर्ण ताकदीवर तासाला 6 लिटर पेट्रोल लागतं. कारचा पंप त्याच्या दसपटीहून जास्त ढकलतो; उरलेलं गरम होऊन टाकीत परत जातं. त्या परतीसाठी टाकीला दुसरं भोक लागतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. टाकीला घरी वेल्डिंग करू नका. पाण्याने धुतली म्हणून वाफ गेली असं होत नाही.

पंप इग्निशन स्विचला थेट जोडायचा नाही. पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) ईसीयूच्या ताब्यात द्या: चावी लावल्यावर सुमारे दोन सेकंद पंप चालावा, पुढे क्रँकची खूण येत असेल तरच चालत राहावा. थेट जोडलेला पंप गाडी पडल्यावरही चालू राहतो आणि निसटलेल्या नळीतून तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल फेकतो. याच्या जोडीला फॉल सेन्सर हवाच. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी फक्त पंप दहा मिनिटं चालवा, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा, गेजवर दाब पाहा, आणि एबीसी पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा.

‘वायरिंगमध्ये काही बदलावं लागत नाही’

जुन्या किक स्टार्टच्या स्प्लेंडरमध्ये बॅटरी 2.5 अँपिअर-तासांची आणि हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटोच्या एसीवर. पंप, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरचा हीटर मिळून सहज 4-5 अँपिअर मागतात. एका संध्याकाळी बॅटरी बसते. मॅग्नेटोच्या कॉइल प्लेटचं अर्थला जोडलेलं टोक सोडवून दोन्ही टोकं बाहेर काढायची, एसीचा डीसी करणारा फुल वेव्ह रेक्टिफायर लावायचा, हेडलाइट डीसीवर आणायचा आणि बॅटरी मोठी घ्यायची, हे आधी करावं लागतं. त्यानंतर हेडलाइट, ब्रेक लाइट आणि पंप चालू असताना आयडलला बॅटरीवर 13 व्होल्टच्या खाली आकडा जात असेल, तर पुढे जाऊ नका. आणि बॅटरी पूर्ण उतरलेली असताना किकने सुरू होणं हा जुन्या गाडीचा गुण या बदलात जातो, हेही आधीच ठरवून घ्या.

‘पाच हजारांत होतं’

मिश्रण रिचपासून (पेट्रोल जास्त) लीनपर्यंत मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि त्याचा कंट्रोलर एवढ्याचीच किंमत याहून जास्त होते, आणि त्याच्याशिवाय ट्यूनिंग म्हणजे अंदाज. सेन्सरची जागाही नीट हवी: बेंड पाइपच्या वरच्या बाजूला, आडव्यापेक्षा निदान 10 अंश वर, म्हणजे पाणी साचत नाही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर लीन सांगतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांतही हेच होतं. ट्यूनिंगपुरती ती नळी बंद करा, पण ती प्रदूषण कमी करण्यासाठी दिलेली आहे. नंतर परत जोडा. साधा नॅरोबँड सेन्सर फक्त लॅम्डा 1 च्या आसपास खरं बोलतो. (लॅम्डा 1 म्हणजे हवा-पेट्रोलचं अचूक प्रमाण; त्याखाली रिच, वर लीन.) हवेने गार होणाऱ्या इंजिनाला पूर्ण रेसला लॅम्डा 0.86 ते 0.88 लागतो, तो नॅरोबँडला मोजता येत नाही.

‘मायलेज 30 टक्के वाढतं’

इंजिन तेच, कॉम्प्रेशन तेच, त्याच वेगाला लागणारी ताकदही तीच. बदलतं ते मिश्रण. कार्ब्युरेटर लॅम्डा 0.9 वर चालत असेल आणि एफआयने तो 1 वर आणला, तर बचत सुमारे 10 टक्के. मायलेज 30 टक्के वाढायला कार्ब्युरेटर 0.77 च्या आसपास असायला हवा. तशी गाडी काळा धूर टाकते, प्लग काजळतो. तिला एफआयची नाही, फ्लोटची उंची तपासण्याची आणि झिजलेली नीडल बदलण्याची गरज असते. रेस सोडल्यावर पेट्रोल तोडणं हा एफआयचा खरा फायदा आहे, घाट उतरताना तो जाणवतो.

उंचीचा फायदाही खरा आहे. कार्ब्युरेटरचं मिश्रण हवा विरळ होईल तसं रिच होतं: महाबळेश्वरला साधारण 7 टक्के, लेहला 20 च्या आसपास. एफआय ते स्वतः जुळवून घेते.

‘इथेनॉलचा त्रास संपतो’

अर्धं खरं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचं योग्य प्रमाण 14.7, 20 टक्के इथेनॉलच्या ई20 चं सुमारे 13.5. म्हणजे वजनाने 9 टक्के जास्त इंधन. ऑक्सिजन सेन्सर असलेली एफआय ते भरून काढते, सेन्सर नसलेली नाही. (गेजवर 14.7 दिसलं म्हणजे लॅम्डा 1, एवढाच अर्थ. लॅम्डातच वाचायची सवय लावा.) पण रबर फुगणं, ओ-रिंग कडक होणं, टाकीत पाणी खाली बसणं हे इंजेक्टरने थांबत नाही. उलट पंप आणि इंजेक्टरला गंजाचा कण कार्ब्युरेटरच्या जेटपेक्षा लवकर मारतो.

कार्ब्युरेटर ठेवूनही हे जमतं. 9 टक्के जास्त प्रवाहासाठी जेटच्या भोकाचा व्यास साडेचार टक्के वाढतो. जिथे जेटचा आकडा व्यास सांगतो तिथे 110 चा मेन जेट 115 करा, नीडल एक खाच वर घ्या, ओ-रिंग व्हायटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) टाका. पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना आम्ही हेच सुचवू.

‘गाडी बीएस6 होते’

होत नाही. बीएस मानक हे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून त्या मॉडेलला मिळतं, त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ धरणारा कॅनिस्टर आणि बिघाड स्वतः ओळखणारं ओबीडीही येतं. आरसीवरची नोंद बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ तपशिलात फेरफार चालत नाही आणि कलम 182अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही हाच बदल पुढे येतो.

‘नाही जमलं तर कार्ब्युरेटर परत लावा’

हे शक्य ठेवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून तशी तयारी लागते. मूळ वायरिंग कापू नका, नवीन हार्नेस वेगळी बनवून मूळ कनेक्टरलाच जोडा. मूळ टाकीला हात लावू नका, एफआयसाठी दुसरी टाकी घ्या. मूळ रोटर, कॉइल प्लेट आणि बेंड पाइप एकाच खोक्यात राहू द्या. कार्ब्युरेटर काढल्यावर फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल पूर्ण ओता, जेट काढून हवा मारा आणि इनटेकचा रबर अंधारात ठेवा. उन्हात पडलेला रबर सहा महिन्यांत तडकतो आणि परत बसवल्यावर तिथूनच हवा घेतो.