ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक व्हायचंय?

पहिली गोष्ट, ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. गॅरी किल्डॉल पडले. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम नावाची सिस्टिम लिहिली. पुढे मशीनगणिक बदलणारा भाग वेगळा काढून त्याला बायॉस म्हटलं. नवं मशीन आलं की तेवढंच नव्याने लिहायचं, बाकी जसंच्या तसं. आता शेजाऱ्याला त्यांचं नाव विचारून बघा.

त्यापेक्षा वाट बघा. इंटेलची ८०८६ चिप येईल, तिच्यासाठीची सीपी/एम रखडेल आणि सिएटलमध्ये टिम पॅटरसन नावाचा प्रोग्रॅमर वैतागून स्वतःच एक सिस्टिम लिहायला घेईल. त्याच्याजवळ सीपी/एमचं मॅन्युअल असेल. असू दे, जुने प्रोग्रॅम नव्यावर आणायला सोपं जातं. सीपी/एममध्ये पडद्यावर मजकूर दाखवायचा तर सी रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या कप्प्यात) ९, डीईमध्ये मजकुराचा पत्ता, मग ५ नंबरच्या पत्त्याला कॉल. पॅटरसनच्या सिस्टिममध्ये, म्हणजे पुढच्या डॉसमध्ये, एएच रजिस्टरमध्ये ९, डीएक्समध्ये पत्ता, मग हेक्समधला २१ नंबरचा इंटरप्ट, म्हणजे सिस्टिमला हाक. मजकूर संपल्याची खूण दोन्हीकडे एकच : डॉलरचं चिन्ह. त्यामुळे या कॉलने डॉलर काही छापता येत नाहीत. त्यासाठी वकील लागतो.

म्हणून मायक्रोसॉफ्टचा कित्ता गिरवा. आधी २५,००० डॉलर मोजून पॅटरसनच्या कंपनीकडून त्याच्या सिस्टिमचा परवाना घ्या. गिऱ्हाईक बडी संगणक कंपनी आयबीएम आहे हे ओठाबाहेर काढू नका. १९८१ च्या ऑगस्टमध्ये पीसी येण्याच्या तोंडावर आणखी ५०,००० टाकून सगळे हक्क खिशात घाला. आयबीएमला मात्र हक्क विकायचे नाहीत, नुसता परवाना द्यायचा. उद्या पीसीची नक्कल करणारेही तुमच्याच दारात रांग लावतील. सगळी मलई या एका कलमात आहे, कोड कुणीही लिहो. मूळ विक्रेता, म्हणजे पॅटरसनची ती कंपनी, कोर्टात गेलाच तर १९८६ मध्ये नऊ लाखांवर डॉलर देऊन मिटवून टाका.

आपल्या सीपी/एमची नक्कल केली म्हणून किल्डॉल कुरकुर करतील. मग आयबीएम त्यांचीही सिस्टिम विकेल : तुमची ४० डॉलरला, त्यांची २४० ला. गिऱ्हाइकाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य!

एवढ्यावर भागलं नाही तर ती दंतकथा आहेच : आयबीएमवाले सीपी/एम मागायला किल्डॉलांच्या दारात आणि हा गडी विमान उडवत बसलेला. उड्डाण धंद्याच्या कामासाठी होतं आणि घोडं अडलं गोपनीयतेच्या करारावर, एवढ्या खोलात कोण जातंय?

आणि उगाच मनाला लावून घेऊ नका. २०१४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हला, किल्डॉलांच्या कंपनीच्या जुन्या घरासमोर, सीपी/एमच्या गौरवाची पाटी बसवली. त्यांना जाऊन तेव्हा अवघी २० वर्षं होत आली होती. फाईल तशी लवकरच हलली म्हणायची.