लिंक नव्या टॅबमध्ये उघडत नाहीत, या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पैठणीच्या दुकानाची वेबसाइट आम्ही केली. तिला दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंत की यूट्यूब, इन्स्टाग्राम, गूगल मॅप, कशावरही क्लिक केलं की गिऱ्हाईक साइटवरून निघून जातं, आणि या लिंक नव्या टॅबमध्ये उघडू द्या असं सांगूनही आम्ही ऐकलं नाही. कोडमध्ये दोन शब्द घालायचं काम आहे, पण ते आम्ही विचार करूनच टाळलंय.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकदा करून बघा. येवल्याच्या मागाचा व्हिडिओ नव्या टॅबमध्ये उघडा आणि वर डावीकडचा, मागे जायचा बाण बघा. तो फिका पडलेला असतो, दाबून काही होत नाही. साडी बघता बघता व्हिडिओकडे वळलेली बाई परत यायला आधी तोच बाण दाबते. तो चालेना झाला की कित्येक जणी सगळंच बंद करून मोकळ्या होतात, आणि त्यात तुमची साडीही जाते. स्क्रीन रीडरवर ऐकून साइट वापरणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकाला तर टॅब बदलल्याचं कळेलच असं नाही. वेबसाइट वापरायला सोप्या कशा असाव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी 1999 मध्येच नव्या खिडक्या उघडण्याची गणना वेब डिझाइनच्या चुकांमध्ये केली होती. मोबाइलवर संबंधित अ‍ॅप असेल तर लिंक बहुधा थेट अ‍ॅपमध्येच जाते, तिथे टॅबचा प्रश्नच येत नाही.

ज्याला नवा टॅब हवा असतो तो कंट्रोल दाबून क्लिक करतो, मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरतो. ज्याला नको असतो, त्याच्यावर आपण तो लादला तर थांबवायला त्याच्या हातात इतकं सोपं काही नाही. म्हणून निवड गिऱ्हाइकाकडे ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे.

एक लिंक मात्र आम्ही नव्या टॅबमध्येच ठेवलीय: ऑर्डरच्या फॉर्ममधली, साडी परत करण्याच्या नियमांची. नाव, पत्ता, पिनकोड भरून झाल्यावर कुणाचं लिहिलेलं पुसलं जाऊ नये म्हणून. शेजारी ‘नव्या टॅबमध्ये उघडेल’ असं लिहिलंयही.

गिऱ्हाईक खरेदीआधीच निघून जातं, ही तुमची काळजी खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे पानाच्या अगदी वर, किमतीच्याही आधी असलेली इन्स्टाग्राम-यूट्यूबची चिन्हं तळाला न्यायची आणि मागाचा व्हिडिओ साडीच्या पानावरच चालेल असा बसवायचा. हे दोन्ही आम्ही जादा पैसे न घेता करून देऊ. ते बघूनही तुम्हाला नवा टॅबच हवा असेल तर साइट तुमची आहे, तसं करू. फक्त अशा प्रत्येक लिंकशेजारी ‘नव्या टॅबमध्ये उघडेल’ ही सूचना राहू द्या, एवढी विनंती.